बिनपैशाचा अर्ज

फी किती, असं कारभारीनं विचारलं आणि मनकर्णा म्हणाली, "फी न्हाई, आबा. उलट तेच महिन्याला साठ रुपये देत्यात."

कारभारीच्या तळहातावरचा तंबाखू तसाच राहिला. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात त्याची तीस वर्षं गेली होती. कासेला नुसता हात लावून म्हैस किती दूध देईल ते तो सांगायचा. उपरण्याखाली बोटं धरून सौदा ठरवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. फुकट जनावर देणारा मालक त्यानं जन्मात एकच पाहिला होता, आणि त्या गाईनं दाव्यातून सुटताच दोघांना शिंगावर घेतलं होतं.

"मग खोड काय हाय त्यात?"

"खोड कसली? सरकारी दवाखान्याचं शिक्षण हाय. दोन वर्सं नगरला ऱ्हायाचं, नर्स व्हायचं, मग दीडशे पगार. सातवी पास लागती, ती मी हायच की."

"दोन वर्सं शिकवायचं आन् वर साठ रुपये? कुनाच्या घरी पैशाचं झाड लागलंय?"

मनकर्णेचा सगळा जीव तिनं आणलेल्या त्या सरकारी अर्जात अडकला होता. खर्डा गावच्या पाहुण्यांनी तिला पसंत केलं होतं आणि त्यांचे निरोपावर निरोप येत होते. तेव्हा एकाहत्तर सालचा जून होता. पुढच्या वैशाखापर्यंत नोकरी किंवा नोकरीचं शिक्षण हाती लागलं तर ठीक, नाहीतर बोहल्यावर उभं राहायचं, असं कारभारीनं बजावलं होतं. तिच्या हातात काय ते तेवढं एक वर्ष होतं.

कारभारीनं पोरीचं वाईट चिंतलं नव्हतं, हे सांगायलाच हवं. तो स्वतः नगरला गेला. तिथं एका माडीवर खाजगी क्लास होता. सहा महिन्यांत नर्सिंगचं सर्टिफिकेट, फी पाचशे रुपये. आकडा ऐकून त्याला घाम फुटला, पण मनातून तो सुखावला. मालक किमतीला धरून बसलाय म्हणजे मालात दम आहे! त्यानं सवयीनं उपरणं पुढं केलं, तेव्हा खुर्चीतला माणूस दचकून मागंच सरला. मग तोंडानंच घासाघीस झाली आणि चारशेवर ठरलं. शंभर रुपये पाडले म्हणून कारभारी घरी आला तो मिशीला पीळ देतच.

राहणं-खाणं धरून सातशे. पुढं पगार दीडशे, म्हणजे पाच महिन्यांत सगळे वसूल. त्यानं चंद्री म्हैस विकली. बायको चांगुणा दोन दिवस नीट जेवली नाही. सरकारी अर्ज त्यानं शेजारच्या रंगनाथला देऊन टाकला. "घे, तुझ्या बनूला लाव. फुकटचं हाय."

दुसऱ्या दिवशी मनकर्णेनं नगरला न्यायची पिशवी भरली.

माडीवर ती पट्ट्या बांधायला शिकली, ताप मोजायला शिकली आणि वांग्याला सुई टोचायला शिकली. जिवंत पेशंट सहा महिन्यांत एकही दिसला नाही. इकडं रंगनाथ सांगत सुटला होता की बनूची दरमहा मनीऑर्डर येते. कारभारीला हसू यायचं. रंगनाथला थापा मारायची सवय लहानपणापासूनचीच.

माघात तो मनकर्णेला घेऊन सरकारी आरोग्य केंद्रात गेला. डॉक्टरांनी सर्टिफिकेट उलटसुलट करून पाहिलं.

"कारभारी, ह्याला सरकारात काही किंमत नाही."

"किंमत न्हाई? सायेब, चारशे रुपये मोजल्यात! पाचशे सांगत हुते!"

"पाच हजार मोजले असते तरी नाही. हिच्या हाती मी पेशंट कसा देऊ? नोकरीला सरकारी शिक्षणच लागतं. तुमच्या गावची बनू शिकतेय की तिथं. साठ रुपये मिळतात तिला."

कारभारी भिंतीला टेकला. मिळतात? खरंच मिळतात? तो अर्ज त्यानं स्वतःच्या हातानं रंगनाथच्या ओट्यावर टाकला होता, वर हसला होता. साऱ्या बाजाराला शहाणपण शिकवणारा माणूस आपल्याच पोरीच्या बाबतीत फसला होता. त्याला मनकर्णेकडं बघवेना.

डॉक्टरांनी कपाटातून कोरा अर्ज काढला. "पुढचे प्रवेश जूनमध्ये आहेत. वडिलांची सही लागेल."

कारभारीचा हात आपोआप कनवटीला गेला. "किती द्यायचं?"

"काही नाही."

हात तिथंच थांबला. मनकर्णेनं अर्ज टेबलावर पसरला. ती हळूच म्हणाली, "जून वैशाखाच्या म्होरं येतो, आबा. खर्ड्याचं पाव्हणं थांबत्याल का?"

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पाव्हन्यांना न्हाई म्हनून कळवतो म्या. वरीस तुजं हुतं, मने. ते म्या घालवलं."

टेबलावर अर्ज पसरलेला होता. तो दोन्ही बाजूंनी चाचपून त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "पर खरं सांग, ह्यात खोड काहीच न्हाई?"

"अर्जात कदीच नव्हती, आबा," मनकर्णा म्हणाली आणि तिनं शाईची डबी त्याच्यापुढं सरकवली.

कारभारीनं मान खाली घालून अंगठा पुढं केला.