कुंपणापलीकडची पोळी

राकेशला दिवाळीच्या फराळाला बोलावलं हीच चूक झाली, असं मी त्या नोव्हेंबरात भेटेल त्याला सांगत सुटले होते. फोनवर तर इतकी तणतणले की नवरा म्हणाला, "अगं, एक हरीण मेलंय, माणूस नाही." त्याच्याशी मी चार दिवस बोलले नाही.

एक हरीण! सात वर्षं मी त्याच्या मागावर होते.

२००१ साली श्रीरामने टेक्सासात, अर्विंग शहरातल्या त्याच्या ऑफिसपासून सव्वा तास उत्तरेला घर घेतलं, कारण तिथे स्वस्त मिळालं. तो पहाटे गाडी काढायचा आणि मी, प्राणिशास्त्रात एमएस्सी केलेली पण व्हिसावर नोकरीची परवानगी नसलेली बायको, भिंतींकडे बघत बसायचे. शेजारी वॉल्टर नावाचा म्हातारा शिकारी राहायचा. त्याच्या पणजोबांनी जर्मनीहून येऊन ते गाव वसवलं होतं. त्याचे गुडघे गेले होते, माझा वेळ जात नव्हता. "चालायचं तू, मारायचं मी," असं त्याने ठरवूनच टाकलं. घरात अंडंही न शिजवणारी मी अशी एका शिकाऱ्याची वाटाडी झाले.

आम्हाला एकच नर हवा होता. पांढऱ्या शेपटीच्या हरणांत त्याची खूण सोपी: मागचा डावा पाय चिखलात ओढल्यासारखा उमटायचा. मी त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं, कारण आमच्या कॉलेजातल्या हेडक्लार्क भाऊसाहेबांसारखा तोही कधी जागेवर सापडायचा नाही. शिंगं घासलेली झाडं, खुरांनी उकरलेली माती, ओढ्यावरचे ठसे, सगळं मी वहीत उतरवायचे. दर फेब्रुवारीत त्याची गळून पडलेली शिंगं शोधून आणायचे आणि वॉल्टर ती वर्ष लिहून गॅरेजच्या भिंतीवर टांगायचा. २००३ साली भाऊसाहेब त्याच्या बंदुकीसमोर आला, पण तिरका उभा होता. गोळी नीट लागली नसती, म्हणून वॉल्टरने बंदूक खाली केली. मला तो माणूस त्या दिवशी कळला.

टेक्सासात मका टाकून हरणं बोलवायला बंदी नाही. मक्याच्या पिंपाला घड्याळ लावलेलं असतं, वेळ झाली की दाणे आपोआप पडतात, आणि शिकारी खुर्चीत बसून कॉफी पीत वाट बघतो. वॉल्टरला याची शिसारी यायची. "ज्याला जेवायला बोलावलं, त्याला मारायचं नसतं," तो म्हणायचा. हे वाक्य मी इतक्यांना ऐकवलं की ते माझंच वाटायला लागलं. विशेषतः राकेशला ऐकवलं. श्रीरामचा हा ऑफिसमित्र चारपाच जणांबरोबर आमच्या मागच्या कुंपणापलीकडची जमीन शिकारीसाठी भाड्याने घ्यायचा. महागडी बंदूक, हिरवे ठिपकेवाले कपडे, मक्याचं पिंप, सगळा थाट. हरीण मात्र एकही नाही. भाऊसाहेब दिवसाउजेडी त्या जमिनीवर पाऊलच टाकत नसे. वॉल्टरच्या जमिनीतल्या ओढ्याकाठी राहायचा. तिथे राकेशच्या टोळीला शिरायची परवानगी नव्हती.

२००५ साली त्याच्या शिंगांना दहा टोकं होती. पुढे ती घटत गेली, आणि २००८च्या फेब्रुवारीत मला सापडलेलं डावं शिंग जेमतेम वीतभर होतं. वॉल्टरने ते हातात घेऊन बराच वेळ फिरवलं. मग बंदूक पुसून कपाटात ठेवली. "आता याला कोणी मारायचं नाही. जिंकलाय तो. त्याचा तो पडू दे." मी त्याला शब्द दिला की लक्ष ठेवीन.

जूनमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. जेवायच्या आधी गोग्रास काढायचा त्यांचा जन्माचा नेम, आणि अमेरिकेत दारात गाय कुठली? दोन दिवस त्या अस्वस्थ होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हरीणसुद्धा गवतच खातं ना गं?" आणि तूपगूळ लावलेली पोळी मागच्या कुंपणातून हात घालून पलीकडच्या दगडावर ठेवून आल्या. रोज, बरोबर बारा वाजता.

ऑगस्टात त्या दगडापाशी मला ओढलेल्या पायाचा ठसा दिसला.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीत उभी राहिले. भाऊसाहेब आला. सात वर्षांत मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. नाकाडावर पांढरे केस, फाटका कान, बरगड्या मोजता येतील अशा. पोळी त्याने अगदी सावकाश खाल्ली, दात झिजले होते ना. मी रडले. मग रोज बाराच्या आधी कामं उरकून खिडकीत उभी राहू लागले.

वॉल्टरला सांगितलं नाही.

फराळाला राकेश आला, तेव्हा सासूबाईंनी त्याला चकल्या वाढता वाढता कौतुकाने सांगितलं, "आमच्याकडे रोज पाहुणा येतो हो. पोळी ठेवली की बाराच्या ठोक्याला हजर!"

"काय सांगता काकू! बक आहे? म्हणजे नर? शिंगं आहेत?"

मी ओट्यापाशी उभी होते. सगळं ऐकलं. मनात म्हटलं, या बावळटाला हत्तीसुद्धा मारता यायचा नाही. आणि करंजीचा घाणा तळत राहिले.

पुढच्या शनिवारी शिकारीचा मोसम सुरू झाला. बारा वाजून चार मिनिटांनी गोळीचा आवाज आला. सासूबाई नुकत्याच हात धुऊन पानावर बसल्या होत्या. मी अनवाणीच धावले.

राकेश कुंपणापलीकडे हात उंचावून नाचत होता. "वहिनी, वन शॉट यार! फोटो काढा ना प्लीज!"

मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. चोर म्हटलं, भ्याड म्हटलं, आणि शेवटी वॉल्टरचं वाक्य त्याच्या तोंडावर मारलं, "जेवायला बोलावलेल्याला मारतोस, लाज नाही वाटत?"

तो गोंधळून म्हणाला, "पण वहिनी, मी कुठे बोलावलं? माझ्याकडे तर तो कधी आलाच नाही."

तेवढ्यात पलीकडच्याच बाजूने काठी टेकत वॉल्टर आला. त्याने राकेशकडे पाहिलंसुद्धा नाही. येताना त्याने ओकची एक डहाळी तोडून आणली होती. त्यांच्या घराण्याचा रिवाज मला ठाऊक होता: मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरव्या पानांचा शेवटचा घास ठेवायचा, मानाचा.

काठीवर भार देत तो भाऊसाहेबाशेजारी खाली बसला. फाटक्या कानावरून हात फिरवला. "इकडे का आलास रे," तो इंग्रजीत पुटपुटला, "सात वर्षं नाही आलास." मग डहाळी ठेवायला त्याने जबडा उघडला आणि थांबला.

तोंडात आधीच घास होता. अर्धी चावलेली पोळी, तूप लागलेली.

वॉल्टरने ती दोन बोटांनी काढून उजेडात धरली. असली पोळी त्याने आमच्या स्वयंपाकघरात कितीदा खाल्ली होती. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"शुभा, तुला माहीत होतं?"

राकेश अजून कॅमेरा धरून उभा होता. त्याला ऐकवायचं म्हणून इतका राग जमवला होता मी.

"हो," मी म्हणाले.

वॉल्टरने पोळीचा तो तुकडा जिथे होता तिथे परत ठेवला आणि जबडा मिटला. डहाळी तो घरी घेऊन गेला.