सुतकातला शिमगा

रंगूबाई गेली ती नेमकी शिमग्याच्या तोंडावर. मरताना माणसानं पंचांग बघावं असं काही कुठं लिहिलेलं नाही, पण चार दिवस मागंपुढं झालं असतं तर पुढचा घोळ टळला असता. महाडच्या दवाखान्यात तिनं डोळे मिटले तेव्हा उशाशी सून होती, वैशाली, आणि पायाशी नवरा, महादू. एकुलता एक मुलगा मुरारी मस्कतला.

शुद्धीवर होती तोवर तिनं दोघांकडून एकच शब्द घेतला. "मुरारीला कळवू नका. त्याचं कॉन्ट्रॅक्ट पुरं होऊ दे. मग तो कायमचा येल."

म्हातारी अडाणी होती, पण तिला सगळं ठाऊक होतं. मुरारी तिकडं एका कंपनीत एसी दुरुस्तीचं काम करायचा. एप्रिलअखेर कॉन्ट्रॅक्ट संपलं की हिशेबाची मोठी रक्कम हातात यायची, आणि त्या पैशात महाडला गाळा घेऊन स्वतःचं दुकान टाकायचं ठरलेलं होतं. मधेच निघाला तर त्या रकमेवर पाणी. हे एकदा होऊनही गेलं होतं. मागं बापाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा हा गडी कुणाचं न ऐकता विमानात बसला, वीर स्टेशनला उतरून रिक्षानं थेट दवाखान्यात धडकला, तर बाप खाटेवर बसून चहा पीत होता. इकडं बाप ठणठणीत आणि तिकडं नोकरी गेली. दुसरी कंपनी, दुसरं कॉन्ट्रॅक्ट, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याची रुखरुख रंगूबाईला शेवटपर्यंत होती.

मुरारी कमवायचा आणि वैशाली राखायची. पैसे आले की ती पोलादपूरला बँकेत जायची. घरखर्च, मुलीची फी, विम्याचा हप्ता बाजूला काढून उरलेलं गाळ्याच्या खात्यात. त्या खात्याला तिनं कधी हात लावला नाही. शेजारणी नवनव्या बांगड्या वाजवत पाणवठ्यावर आल्या तरी हिच्या हातात काचेच्याच. नवरा परदेशात म्हणजे घरात पैशाचं झाड, असं लोक म्हणायचे. झाडाला पाणी कोण घालतं ते कुणी विचारत नव्हतं.

मुरारीही तिकडं चैनीत नव्हता. ईदला मालक हलव्याचा डबा द्यायचा, तो न फोडता सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती आईला पाठवायचा. होळीला कोकणातले चौघं जण बिल्डिंगच्या गच्चीवर तव्यात कापूर पेटवायचे आणि बोंब मारायचे, तीसुद्धा दबक्या आवाजात, वॉचमन वर येईल म्हणून. आणि दरवर्षी पालखी दारात आली की वैशाली त्याला व्हिडिओवर दाखवायची. आई देवीची ओटी भरतेय, बाप पालखीला खांदा देऊन अंगणात नाचतोय, हे बघितल्याशिवाय त्याचा शिमगा होत नसे.

यंदा ते कसं दाखवणार? सुतकातल्या घरी पालखी येत नाही. वाडीत त्यांच्या आडनावाचं हे एकच घर, म्हणजे बाकी सगळीकडं शिमगा आणि इथं दार लावलेलं.

महादू रोज फोनवर मुलाशी बोलत होता. आय झोपलेय. आय उमरठला मावशीकडं गेलेय. फोन येण्याआधी तो घसा खाकरून आवाज नीट करायचा, हसून बोलायचा आणि फोन ठेवला की गोठ्याकडं निघून जायचा. वैशालीला ते बघवत नव्हतं. एकदा खोटं बोलायला काही लागत नाही, पण तेच रोज बोलायचं म्हणजे माणूस आतून झिजतो.

वाडीतला सुशांत मुंबईकरांसाठी पालखी मोबाइलवर लाइव्ह दाखवायचा, ते मस्कतलाही दिसायचं. महादू सुतक म्हणून त्याच्या दाराबाहेर लांबच उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या घराशी आलास की तेवढा कॅमेऱ्यावर हात धर रे बाबा." सुशांतनं मान डोलावली. सगळ्या वाडीनंही तोंडाला कुलूप घातलं. ज्या वाडीत कुणाची कोंबडी कुठं अंडं घालते तेही लपत नाही, तिथं रंगूबाईचं मरण लपलं.

शुक्रवारी दुपारी पालखी आली. मुरारीला सुट्टी. वैशाली बंद दाराआड बसून ऐकत होती. शेजारी सोनबाच्या अंगणात ढोल घुमत होता, पोरं ओरडत होती. मग ढोल थांबला. सुतकाच्या घरावरून पालखी जाताना ढोल वाजवत नाहीत, गेलेल्या माणसाचा तेवढा मान राखतात. दारावरून नुसती पावलं वाजत गेली. वैशालीनं आतूनच हात जोडले. ओटीचं ताट यंदा कुणी भरलं नव्हतं. पालखी पुढं गोमाजीच्या दारात पोचली आणि ढोल पुन्हा सुरू झाला.

थोड्याच वेळात फोन वाजला. व्हिडिओ होता. मुरारी खोलीत कॉटवर बसलेला.

"सुशांतनं कॅमेऱ्यावर हात धरला," तो म्हणाला.

"गर्दी होती ना. धक्का लागला असेल."

"आवाज बंद करायला विसरला तो." मुरारी म्हणाला. "वैशाली, सोनबाकाकाच्या अंगणातनं पालखी निघाली आणि ढोल थांबला. गोमाजीच्या दारात परत लागला. मधे घर आपलंच हाय."

वैशालीनं बंद दाराकडं बघितलं.

"बाबा तर रोज बोलतायत. आय ना?"

तिनं हो म्हणून मान हलवली. मग दोघंही रडली. इतक्या लांबून एकमेकांच्या पाठीवर हातही ठेवता येत नव्हता.

"कधी?"

"रविवारी. अग्नी मामंजींनीच दिला."

"मी येतो."

गाळ्याच्या खात्यातला पै न् पै तिला तोंडपाठ होता. तरी ती म्हणाली, "या. गाळ्याचं बघू मागनं." आणि ते तिनं अगदी मनापासून म्हटलं.

त्यानं विचारलं, "जाताना आय काय म्हणाली होती?"

तिनं सांगितलं. शब्दाला शब्द सांगितला. मुरारीनं तोंड बाहीत खुपसलं आणि बऱ्याच वेळानं वर काढलं.

"मग राहतो. तिचा शेवटचा शब्द मोडून कुठल्या तोंडानं येऊ? पण बाबांना सांगू नको मला कळलं म्हणून. त्यांनी एवढं सोसून तिचा शब्द पाळलाय. तो पाळला गेला असंच वाटू दे त्यांना. आज मी इथं आयच्या नावानं डोईचे केस काढतो. आता व्हिडिओ नको, माझा कॅमेरा बिघडला म्हणून सांग."

मागच्या दारात महादूची चाहूल लागली. वैशालीनं डोळे पुसले, व्हिडिओ बंद केला आणि स्पीकर लावून फोन त्याच्या हातात दिला.

महादूनं घसा खाकरला. "मुरारी, झाक झाली रे पालखी! दिसली का?"

"दिसली, बाबा."

"तुझी आय..." म्हातारा अडखळला. "ती गेलेय पालखीसंगं. देवळापर्यंत जाते म्हणाली. ऐकते हाय का कुणाचं!"

पलीकडून मुरारीचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. "जाऊ दे, बाबा. अडवू नका तिला. तुम्ही जेवलात काय?"

"जेवलो, जेवलो. तू तुझं काम पुरं कर."

फोन ठेवून महादूनं सुनेकडं बघितलं. "काय कळलं नाय ना गो त्याला?"

"नाय, मामंजी. काय कळलं नाय."

"रंगूला शब्द दिला होता मी," तो म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. आज पुन्हा फोन येणार नव्हता, आवाज सांभाळायचा नव्हता. रंगूबाई गेल्यापासून म्हातारा पहिल्यांदाच मोठ्यानं रडला.