कोळपेवस्ती फाट्याचा थांबा

दौंडहून शिरूरला जाणारी सकाळची एस.टी. कोळपेवस्तीच्या फाट्यावर थांबत नसे, कारण कागदोपत्री तेथे थांबाच नव्हता. वस्तीवरची माणसे वडापच्या जीपला लोंबकळून शिरूर गाठीत. १९९८च्या श्रावणात तानुबाईची नात हर्षदा अशाच एका जीपच्या मागच्या पायरीवरून पडली आणि तिचे मनगट मोडले. हाड सांधले; पण तिचा बाप बिरदेव याने निकाल देऊन टाकला. दिवाळीपर्यंत गाडी फाट्यावर थांबू लागली तर पोर अकरावी पुरी करील, नाहीतर घरी बसेल. त्या दिवसापासून तानुबाईला दुसरे काही सुचेना.

तिने सह्या आणि अंगठे गोळा केले, डेपोच्या सात खेपा घातल्या. अखेर डेपोने एक गोष्ट मान्य केली. एके दिवशी वाहतूक नियंत्रक स्वतः फाट्यावर येतील, गाडी तेवढ्यापुरती थांबेल आणि पंधरा प्रवासी चढले तर विनंती थांब्याची शिफारस होईल.

येथवर सारे सुरळीत होते. घोळ घातला तो पाहुणचाराने. साहेब प्रथमच येणार आणि आपण त्यांना रस्त्याच्या कडेला ताटकळत उभे करणार, हे सर्जेराव पाटलांना पटेना. त्यांनी रस्त्यापासून चाळीस पावलांवर देवळापुढे मांडव घातला. शाल, श्रीफळ, फेटा आणला. ओवाळायला तानुबाईलाच उभे केले आणि तीही मोठ्या हौसेने उभी राहिली. शिरूरला निघालेली तीस माणसे हातात पिशव्या घेऊन सतरंजीवर बसली. पाटलांचे भाषण दळणवळणाच्या महत्त्वापर्यंत पोहोचले आणि गाडी आली.

गाडी थांबली. दोनदा हॉर्न वाजला. सत्काराच्या मधूनच उठणे म्हणजे पाहुण्याचा अपमान, म्हणून कोणी हालले नाही. नियंत्रक उठू लागले, तर पाटलांनी त्यांच्या खांद्यावर प्रेमाने हात दाबला. दोनच शब्द राहिलेत, म्हणाले. ते दोन शब्द संपेतो गाडी शिरूरच्या दिशेने धूळ उडवीत गेली होती.

नियंत्रकांनी फेटा सावरीत तक्ता काढला आणि लिहिले : चढले, शून्य.

पाटील चवताळले. तीस माणसे डोळ्यांदेखत बसली आहेत, ती दिसत नाहीत का, असे त्यांनी विचारले.

"पाटील," नियंत्रक शांतपणे म्हणाले, "मांडवात बसतात ते श्रोते. गाडीत बसतात ते प्रवासी. मला प्रवासी मोजायला सांगितलंय."

घरी बिरदेव एवढेच बोलला, की आता विषय संपला. तानुबाईला मात्र आपल्याच हातातले ओवाळणीचे ताट डोळ्यांपुढून जाईना. चूक आपली होती. पण चुकीची शिक्षा पोरीने का भोगावी? दिवाळीला अजून दहा दिवस होते. तेवढे दिवस पोर माझी, असे तिने लेकाला बजावले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती हर्षदाला घेऊन उलट्या दिशेने, न्हावऱ्याकडे चालू लागली. तीन किलोमीटर मागे तेथे रीतसर थांबा होता. मागोमाग वस्तीवरची एकवीस माणसे निघाली. त्यांत सर्जेराव पाटीलही होते. आयुष्यात ते न्हावऱ्याला कधी पायी गेले नव्हते, आणि त्या दिवशी चपला हातात घेऊन चालले.

गाडी आली तेव्हा तानुबाई दाराशी उभी राहिली. तिच्या सासऱ्यांनी जन्मभर मेंढ्या काटेरी कुंपणाच्या वाडग्याच्या तोंडाशी एकेक करून मोजल्या होत्या, पाठीवर हात ठेवून, विसाविसाने. तिलाही मोजणीची तेवढीच एक रीत ठाऊक होती. ती प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून आत सोडू लागली. उशीर होऊ लागला तसा ड्रायव्हर वैतागला.

"आजी, मेंढरं हायत का ही?"

"मेंढरं असती तर फाट्यावर बिरेक दाबला असतास की, बाबा. माणसं हायत म्हणून तर सुसाट जातूस."

गाडीभर हशा पिकला.

हे रोज घडू लागले. रोज गाडीला चार-पाच मिनिटे उशीर, रोज फाटा खिडकीतूनच मागे पडताना दिसायचा. आठव्या दिवशी त्या उशिराचे कारण शोधायला तेच नियंत्रक न्हावऱ्याला येऊन गाडीत बसले. तानुबाईने त्यांना ओळखले, नमस्कार केला आणि मोजणी चालू ठेवली. गाडी निघाल्यावर नियंत्रकांनी तिला समजावले, की मावशी, असे करून नियम बदलत नाहीत. नव्याने अर्ज करा.

फाट्याची बाभळ दिसू लागताच तानुबाई उठली आणि कंडक्टरच्या घंटीची दोरी तिने एकदा, जोरात ओढली. सवयीने ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर गेला. गाडी फाट्यावर उभी राहिली. कंडक्टर ओरडेपर्यंत माणसे भराभर खाली उतरली. रस्त्यापलीकडे सायकल घेऊन उभा असलेला बिरदेव पाहतच राहिला.

"आता मोजा, साहेब," तानुबाई दाराशी उभी राहून म्हणाली. मग तिने पुन्हा एकेकाच्या खांद्यावर हात ठेवला. "एक. दोन. तीन..."

विसावे सर्जेराव पाटील होते. विसानंतर तिने एक बोट मुडपले. शेवटी हर्षदा चढली, मग ती स्वतः.

"एक वीस, वर तीन. कुठं चढली ही माणसं?"

नियंत्रक बाहेर पाहत राहिले. "मावशी, मंजुरी वरून यावी लागते. माझ्या हातात काही नाही."

"पेन हाय की हातात. लिवा. मंजुरी येईल तवा येईल. तवर आमी रोज न्हावऱ्यात चढू, हितं उतरू, आन् हितं पुन्यांदा चढू. उशीर कुणाला होतूय ते बघू."

गाडी तशीच उभी होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केले आणि मागे वळून म्हणाला, "लिहा साहेब. मला शिरूर गाठायचंय."

नियंत्रकांनी तक्ता मांडीवर घेतला. तानुबाईला अक्षर वाचता येत नव्हते, म्हणून हर्षदा वाकून पाहत होती. तिने मोठ्याने वाचले : "कोळपेवस्ती फाटा. चढले, तेवीस."

बिरदेवने सायकल वळवली आणि लेकीकडे न पाहता ओरडून सांगितले, की संध्याकाळी उतरायलाही हितंच सांग.