थोरलीची सुटका

ह्यांच्या अस्थींचं मडकं दुकानात ठेवलं होतं, घरात ठेवत नाहीत म्हणून. दुकान फोटोफ्रेमचं. काचा, लाकडी पट्ट्या, खिळ्यांचे डबे आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर थोरली, म्हणजे माझी सवत. मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेली. तिला सागवानी चौकट, स्वतः ह्यांनी घासून पॉलिश केलेली. ह्यांच्याबरोबर काचा कापता कापता माझी बोटं कापली, पण माझा फोटो काही भिंतीवर चढला नाही. "जिवंत माणसाला कशाला चौकट?" म्हणायचे. मेलेल्या माणसाचा मत्सर करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना सवत नसते.

जाताना हे मुलाला म्हणाले, "मला तिच्याजवळ सोड." मी उशाशी बसून चमच्याने पाणी पाजत होते! तिच्या अस्थी त्या लांबच्या पवित्र नगरीत, नदीत सोडल्या होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इकडे चिता पेटली, तरी मला दिसत होती ती, तिकडे घाटाच्या पायरीवर नटूनथटून ह्यांची वाट बघत बसलेली.

मुलगा तिचाच, मला मावशी म्हणतो. तिकडचे विधी समजून घ्यायला त्याने गुरुजींना दुकानात बोलावलं.

मला राहवेना. "गुरुजी, तिथं नवरा-बायको पुन्हा भेटतात का हो?"

"छे हो काकू! तिथं अस्थी पडल्या की जीव सुटला. पुन्हा जन्म नाही, नवरा नाही, बायको नाही."

मला हसूच फुटणार होतं. म्हणजे थोरली कधीचीच सुटली! पुढच्या जन्मी ह्यांच्या वाटेत ती येणारच नाही. पहिली मीच.

मग ध्यानात आलं. हेही सुटले, तर पुढचा जन्म कुठला?

"तिकिटं काढू नकोस," मी मुलाला म्हणाले. "अस्थी इथल्याच नदीत सोडू."

"मावशी, बाबांची शेवटची इच्छा होती ती! मोक्ष मिळू दे ना त्यांना."

मी मडकं उचलून पोटाशी घट्ट धरलं.

"तुझ्या आईला मिळाला, तेवढा पुरे. मला हे एकदा तरी कोरे मिळू देत."