टोपलीला ठाऊक असलेली गोष्ट

“वाक गं, वाक. पण मोडू नको.”

मी ऐकलेला पहिला आवाज हा. कुरखेड्याकडचा पोचूभाऊ बुरड अंगणात ओल्या बांबूच्या कामट्या वाकवत होता आणि लेकीशी बोलावं तसा आमच्याशी बोलत होता. पोचूभाऊ जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी अजून आहे. मित्रांनो, मी मोहफुलं वेचायची जुनी टोपली. काठ उसवलेला, बुडाला लुगड्याचं ठिगळ. घरात प्लास्टिकची पोती आली तेव्हा माझी रवानगी कोंबड्या झाकायला झाली होती. पण चैत्र लागला की सत्यशीलाबाई मला शेणानं सारवायची, उन्हात वाळवायची आणि कडेवर घेऊन रानाकडे निघायची.

आमच्याकडे प्रत्येक घराचा आपला मोह असतो. झाड सरकारी रानातलं असलं तरी कोणाचं फूल कोणी वेचत नाही, हा रिवाज. झुंजुमुंजूला फुलं गळायची आणि सत्यशीलाबाई वाकून वेचता वेचता गायची:

मोह गळे टपाटपा, भुई झाली गं पिवळी,
लेक माझी सासरी गं, याद येते येळोयेळी.

अकरा वर्षांपूर्वी ती शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात गेली. परत आली तेव्हा पोटावर टाके होते. “अपेंडिक काढलं,” असं तिनं सगळ्यांना सांगितलं. खरं काय ते तिच्या नवऱ्याला, लटारूला ठाऊक होतं. आणि मला. कारण पुढच्या चैत्रात मोहाखाली एकटी बसून ती माझ्याकडे पाहत पुटपुटली होती, “गर्भाची पिशवी काढली बाई माही. बाजूचे दोन गोळे बी काढले. लोकाईले कळलं तं म्हणतीन, इचं बाईपणच गेलं.” तेव्हा ती पस्तिशीची होती.

त्यानंतर अंगाची आग व्हायची, झोप उडायची. मग हळूहळू दुसरंच काही सुरू झालं. गाण्याची पहिली ओळ यायची, दुसरी यायची नाही. ती थांबायची, पुन्हा पहिलीपासून धरायची, पुन्हा तिथंच अडायची.

यंदा तर तिनं मला भलत्याच मोहाखाली ठेवलं. झाड शेजारच्या जंगूभाऊचं होतं. मला कळत होतं, पण करणार काय? ती वेचत राहिली, मी भरत राहिले, आणि जंगूभाऊ येऊन उभा राहिला.

“काऊन सत्यशीलाबाई, माहा मोह तुह्या नावावर झाला का? मले तं तलाठ्यानं सांगितलंच नाई.”

आजूबाजूला वेचणाऱ्या बाया हसल्या. जंगूभाऊही हसला. पण सत्यशीलाबाईनं वर पाहिलं तेव्हा त्याचं हसू विरलं. तिला झाडच ओळखू येत नव्हतं.

“राहू दे बाई, घेऊन जाय,” तो हळूच म्हणाला.

तिनं फुलं तिथंच ओतून टाकली.

तिची लेक मयुरी त्याच आठवड्यात दोन लेकरं घेऊन माहेरी आली. वय सव्वीस. तिला अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. त्याच शहरातल्या एका डॉक्टरनं सांगितलं होतं, दोन लेकरं झाली ना, मग पिशवी, अंडाशय, सगळंच काढून टाकू. सोमवारी ऑपरेशन होतं. सत्यशीलाबाईनं ते ऐकलं आणि ती चूल फुंकत राहिली. मित्रांनो, टोपलीला तोंड नसतं. तोंड नसल्याचा त्या दिवसाइतका राग मला कधी आला नव्हता.

शनिवारी ती मला घेऊन निघाली आणि बायांच्या मागं राहिली. मग वाट सुटली. आम्ही नाल्याकडे उतरलो. तिथल्या ओल्या रेतीत वाघाचे ठसे होते, आणि तिला ते दिसलेच नाहीत. ती दगडावर बसली. मला छातीशी धरून म्हणाली, “घर कुठी आहे गं?” झुडपात जरा सळसळ झाली की वाटायचं, आता संपलं.

मग दुरून मयुरीचा आवाज आला. “माय, ओ माय!” मागून काठ्या आपटत जंगूभाऊ आणि चार जण. मला कोणीतरी उचललं. मी पुन्हा रिकामीच घरी आले.

दुपारी गावची नर्स दीपिका आली. तिनं सत्यशीलाबाईचं ब्लडप्रेशर मोजलं. बोलता बोलता मयुरीनं सोमवारचं सांगितलं.

“अंडाशय बी काढणार?” दीपिकानं विचारलं. “सोनोग्राफीत काय निघालं?”

“सोनोग्राफी कुठी केली? तो म्हणे, कटकटच नको.”

“असं कसं म्हणते तो? अगं, अंडाशयातून इस्ट्रोजेन नावाचा रस निघते. रक्तातून डोक्यापर्यंत जाते. धानाच्या बांदीवर डुकरं हाकलायले रातभर माचानावर जागल्या बसते ना, तसाच हा मेंदूची राखण करते. पेशीईले ताकद पोचवते, सूज येऊ देत नाई, याददाश्त सांभाळते. वय झालं का हळूहळू कमी होते. पण भर जवानीत दोन्ही अंडाशय काढले, तं जागल्या एका दिवसात माचानावरून उतरते.”

“मंग याददाश्त जातेच का?”

“जातेच असं नाई. धोका वाढते. कोणाले खरंच काढावं लागते, त्याईले डॉक्टर औषध देते. पण ऑपरेशन झालं हे सांगितलं तं. लपवून ठेवलं तं कोण काय देईन? तू आधी सरकारी दवाखान्यात तपासून घे. तुह्या घरात कोणाचं झालं का असं ऑपरेशन?”

“नाई,” मयुरी म्हणाली. “मायचं अपेंडिक काढलं होतं, तेवढंच.”

मी कोपऱ्यात, भिंतीला टेकून. सत्यशीलाबाईचा हात माझ्या उसवलेल्या काठावर होता. ती एक कामटी उगाच आत खोचत होती, ती पुन्हा बाहेर येत होती. दीपिका आपलं सामान आवरू लागली. उठली. चप्पल घातली.

“थांब, बाई,” सत्यशीलाबाई म्हणाली.

मग तिनं लेकीकडे पाहिलं.

“मयुरी, ते अपेंडिक नोयतं. पिशवी होती. दोन्ही अंडाशय बी नेले त्याईनं. अकरा वर्षं झाली. मले लाज वाटली, म्हणून तुले सांगितलं नाई. पोरी, तू सोमवारी जाऊ नको.”