नव्वद किलो कमी

गाडी दुसऱ्यांदा तपासणीला आली ती गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर. मागच्या आठवड्यात तपासनीस म्हणून तिनंच ती नापास केली होती. परदेशातून आणलेली जुनी, सात जणांची गाडी. इंजिन ठणठणीत, ब्रेक चांगले. पण टायरवर वजनाचा आकडा एक्क्याण्णव. म्हणजे एक टायर सहाशे पंधरा किलो पेलणार, मागचे दोन मिळून बाराशे तीस. आणि गाडीच्या पाटीवर मागच्या ॲक्सलचा भार लिहिलेला तेराशे वीस.

“नव्वद किलो कमी पडतात, भावजी,” ती तेव्हा म्हणाली होती.

“नव्वद किलो म्हणजे एक जाडा माणूस, वहिनी. त्याला सांगू, बाबा, तू मागून बसनं ये!” दीर हसला होता. पण जाताना त्यानं दार इतक्या जोरात आपटलं की काच तडकली.

जुन्या गाड्या आणून विकायचा त्याचा धंदा. याच बनावटीच्या आणखी सहा गाड्या त्याच्या आवारात उभ्या होत्या आणि सगळ्यांना हेच टायर. म्हाताऱ्या माणसांची दवाखान्यात ने-आण करणाऱ्या एका संस्थेला त्यानं शुक्रवारचा शब्द दिला होता. एक गाडी अडली की सातही अडणार.

आज मात्र तो लोण्यासारखा बोलत होता. “टायर बदलले, वहिनी. चारही. बघून घ्या.”

गाडी ब्रेक तपासायच्या रोलरवर चढवलेली होती. मागची चाकं जमिनीतल्या दोन लोखंडी रुळांच्या खाचेत बसलेली. बाकीचे दोन तपासनीस जेवायला गेले होते. ती मागच्या चाकाशी उकिडवी बसली, बॅटरीचा झोत पाडला. सत्त्याण्णव. आकडा बरोबर होता. सवयीनं तिनं त्यावरून अंगठा फिरवला. नऊ गुळगुळीत लागला, सात किंचित खरखरीत. नाक जवळ नेलं तर जळक्या रबराचा वास. जुन्या एकाच्या डोक्यावर रबराची बारीक तार वितळवून कुणीतरी आडवी रेघ चढवली होती. काम इतकं सफाईचं की दुसरा कुणीही फसला असता.

ती फसली नाही, कारण तो सात तिच्या ओळखीचा होता. मान जरा पुढे काढलेला, रेघेच्या टोकाला सुईएवढा बाक. घरांच्या पाट्या, बक्षिसांच्या ढाली, थडग्यांचे दगड यांच्यावर असा सात कोरणारा एकच माणूस तिला माहीत होता. सतरा वर्षं ती त्याच्याशी संसार करत होती.

ती तशीच बसून राहिली.

“काय झालं?” दीर म्हणाला.

“गाडी परत न्या, भावजी. ही मी पास करणार नाही. आणि आकडा खोटा आहे हे मला लिहावं लागेल.”

“वहिनी, घरातला माणूस अडकेल त्यात.”

“माहीत आहे.”

तो दाराकडे गेला आणि त्यानं शटर खाली ओढलं. तो परत येईपर्यंत ती उभीही राहिली नव्हती. त्यानं मागून तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड टायरवर आपटलं. “वाच! नीट वाच! किती लिहिलंय?”

नाकातून रक्त आलं. “एक्क्याण्णव,” ती म्हणाली.

त्यानं पुन्हा आपटलं. दात ओठात घुसला. ती हातपाय झाडत होती, त्याच्या मनगटाला नखं लावत होती. तो काही तरी ओरडत होता, तिच्या आईबापांवरून, तिच्या नोकरीवरून, नवऱ्याला खिशात घालून फिरतेस यावरून. मग चाकाचे नट सोडायचा पाना त्याच्या हाती लागला. तिचा डावा हात त्यानं फरशीवर बुटाखाली दाबला.

“उजवा ठेवतोय. सहीला लागेल.”

पहिल्या घावात बोटं गेली. दुसऱ्यात मनगट. आपल्याच हाडांचा आवाज तिला ऐकू आला. दुखणं थोडं मागून आलं. ती किंचाळली, पण बाहेर हवा भरायचं यंत्र धडधडत होतं.

“देते,” ती म्हणाली. “सही देते.”

त्यानं तिला बखोटीला धरून उठवलं आणि भिंतीकडे ढकललं. तिथं फळीवर फॉर्म होता, पेन होतं आणि रोलर चालू करायचं बटणही तिथंच होतं. तिनं पेन उचललं. रक्त कागदावर टपकत होतं. “गाडीचा नंबर सांगा,” ती म्हणाली. तिला तो पाठ होता.

तो चिडून मागे वळला, पाटी वाचायला वाकला. एक पाय त्यानं टेकवला तो नेमका रुळावर, चाकाला लागून.

तिनं हिरवं बटण दाबलं.

बूट आत खेचला गेला. चाक आणि रूळ यांच्यामध्ये आधी बोटं, मग पाऊल. तो आडवा पडला, गाडीच्या पत्र्यावर मुठी आपटू लागला. लाल बटण हिरव्याच्या शेजारीच होतं. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि मोजलं. एक. दोन. तीन. मग दाबलं.

शटर उघडून माणसं आत आली तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. फॉर्मवर ‘नापास’ लिहिलेलं होतं, अक्षर वेडंवाकडं.

दोघांना एकाच दवाखान्यात नेलं. तो तळमजल्यावर, ती दुसऱ्यावर. सासूबाई जिना चढत-उतरत राहिल्या. संध्याकाळी तिच्या उशाशी बसून म्हणाल्या, “त्याचं अर्धं पाऊल कापलंय गं. आता झालं ते झालं. घरातलं घरात मिटवू.”

“माझा हात बघितलात, आई?”

सासूबाईंनी बघितला. आणि त्या उठून गेल्या.

नवरा दारात उभा होता, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून.

“सात तूच काढलास,” ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली. मग डावी बाही वर केली. कोपराखाली तापल्या सळईचे दोन डाग होते, एकाखाली एक. “मी दोनदा नाही म्हणालो,” तो म्हणाला. “तिसऱ्यांदा नाही म्हणता आलं नाही.”

“मला सांगता आलं असतं. आदल्या रात्री शेजारी झोपला होतास.”

“तो म्हणाला होता, वहिनीला कळणार नाही.”

“आणि तुला काय वाटलं?”

त्यानं बाही खाली ओढली. “मला वाटलं, तुला कळेल. तू थांबवशील. मला थांबवावं लागणार नाही.”

तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याला मारावं असं तिला वाटलं, खरोखर उठून, प्लास्टर घातलेल्या हातानं.

दुसऱ्या दिवशी जबाब घ्यायला पोलीसबाई आल्या. आकडा कोणी बदलला, त्यांनी विचारलं. तिनं नवऱ्याचं नाव सांगितलं. तो तिथंच उभा होता. त्यानं बाही वर करून हात पुढे केला आणि कागदावर सही केली.

“रोलर तुमच्या हातून चुकून चालू झाला का?” पोलीसबाईंनी विचारलं. त्यांनी हे अशा सुरात विचारलं की ‘हो’ म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं.

“नाही. मी दाबलं. आणि लगेच थांबवलं नाही. तीन मोजले.”

“का?”

“पहिला आकडा भीतीचा होता. बाकीचे दोन मला हवे होते.”

तेही लिहून घेतलं गेलं. दिराला तीन वर्षांची शिक्षा झाली. पहिला आकडा न्यायाधीशांनी स्वसंरक्षण म्हणून सोडून दिला. उरलेल्या दोनांसाठी तिला ताकीद मिळाली आणि सहा महिने कामावरून दूर राहावं लागलं. त्या काळात गाड्या दुसऱ्या माणसानं घेतल्या, नवे टायर घातले आणि एकेक करून पास करून नेल्या.

नवरा चार महिने आत होता. सुटल्यावर तो घरी आला नाही, आपल्या पाट्या कोरायच्या दुकानातच झोपायला लागला. पंधरवड्यानं ती तिथं गेली. तो दगडावर वाकला होता. तिला पाहून छिन्नी खाली ठेवली.

“जेवलास?” तिनं विचारलं.

“नाही.”

तिनं बाहेरची खुर्ची उजव्या हातानं आत ओढली आणि बसली.