घड्याळजीचं भिंग आणि पानावरची अंडी

मित्रांनो, घड्याळजी डोळ्याला लावतात ना, काळ्या नळीतलं भिंग, तसलं मी एक जुनं भिंग. अंगठ्याएवढा जीव माझा, पण तोरा मोठा. का नसावा? तंजावरच्या रघोजीरावांच्या उजव्या डोळ्यावर मी चाळीस वर्षं बसलो आहे!

मद्रासच्या एका कारखान्यात मला घासून घासून घडवलं, तेव्हा जीव नकोसा झाला होता. मग राजवाड्याजवळच्या गल्लीत रघोजींच्या दुकानात आलो. रघोजी आठवीपर्यंत शिकलेले. एके दिवशी त्यांनी गिऱ्हाइकाचं बंद घड्याळ उघडलं, तर चाकात इवलासा भुंगेरा अडकलेला. मला डोळ्याला लावून ते त्याच्या पायांवरचे काटे तासभर बघत बसले. घड्याळ राहिलं बाजूलाच! गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं.

तेव्हापासून दुपारी दुकान बंद आणि आम्ही भाताच्या शेतात. वाचनालयातली जाडजूड पुस्तकं रघोजींनी शब्दकोश घेऊन वाचली. पण त्यांची खरी शाळा म्हणजे बाटल्या. कसलीही अंडी सापडली की पानासकट बाटलीत घालायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि आतून काय निघतं त्याची वाट बघायची. तोवर कोणी विचारलं तर एकच उत्तर, "अजून माहीत नाही." त्यांची बायको गंगाबाई कपाळावर हात मारायची. "अय्यो! लोणच्याला एक बाटली शिल्लक ठेवली नाही हो तुम्ही!"

अशानेच त्यांना कळलं की भाताचं खोड पोखरणाऱ्या खोडकिडीच्या अंड्यांत एक चिमुकली माशी आपली अंडी घालते. मग त्यातून अळी निघत नाही, माशीच निघते. अशा शेतात औषध फवारलं तर आपलाच राखणदार मरतो. शेतकरी विचारायला येऊ लागले. मग सत्काराची शाल आली, पेपरात 'किड्यांचे शास्त्रज्ञ' म्हणून फोटो आला. फोटोत मीही होतो बरं का!

इथेच घोळ झाला. रघोजींना घाई सुटली. पान बघायचं आणि लगेच निकाल द्यायचा. बाटल्या धूळ खात पडल्या. मला पुसायचीही आठवण राहिली नाही. माझ्या काचेवर बुरशी चढली. मला राग यायचा, पण भिंगाचं ऐकतो कोण?

गेल्या वर्षी पापनाशम गावचा शेतकरी मणी आला. त्याच्या दीड एकर भातावर खोडकिडीची अंडी पडली होती.

"मामा, उद्या फवारू का?"

रघोजींनी मला लावलं. अंडी काळपट दिसली. "माशीचीच आहेत. फवारू नकोस."

मणी निश्चिंत होऊन गेला. टेबलावर राहिलेलं पान गंगाबाईने सवयीने बाटलीत टाकलं.

तिसऱ्या सकाळी बाटलीत अळ्या वळवळत होत्या. रघोजींनी मला धोतराच्या टोकाने खसाखसा पुसलं आणि न फुटलेली अंडी बघितली. माशीचं अंडं सगळंच काळं पडतं. यांत नुसता काळा ठिपका होता, अळीचं डोकं! मी स्वच्छ असतो तर दिसलं असतं हो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रघोजी न जेवताच बसमध्ये चढले. बांधावर मणी भेटला. "मणी, चूक माझी. अळ्या आहेत."

मणीने शेताकडे बघितलं. "मामा, तुमच्या शब्दावर थांबलो होतो मी."

"माहीत आहे रे."

उरलेली अंडी असलेली पानांची टोकं दोघे संध्याकाळपर्यंत वाकून खुडत होते. तरी आधी निघालेल्या अळ्या खोडात शिरल्या होत्या, तिथे औषधही पोचत नाही. एका कोपऱ्यातल्या लोंब्या पांढऱ्या आणि पोचट निघाल्या. मणीच्या घरी तीन महिने पुरलं असतं एवढं भात गेलं.

या वर्षी मणी पुन्हा पान घेऊन आला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं. रघोजींनी मला पुसलं, एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं आणि म्हणाले, "अजून माहीत नाही, मणी. बाटलीत ठेवू."

"ठेवा मामा. थांबतो मी."

मित्रांनो, माझ्यासारख्या काचा मऊ फडक्याने पुसत जा, एवढी विनंती. पण नुसतं पुसून भागत नाही. "अजून माहीत नाही" हे शब्द माझ्या धन्याच्या तोंडी पूर्वी रोज असायचे. शाल आली आणि ते गेले. परत आले, तोवर मणीच्या घरचं भात गेलं होतं.